जुळलेली बाकी

१

सकाळी साडेनऊला खुर्चीत बसायचं, फडक्याने यंत्र पुसायचं, पुठ्ठ्यावरचा आकडा एकेक अंक करून त्यात भरायचा आणि हँडल उलटं फिरवायला लागायचं. प्रत्येक फेरीला भाजक एकदा वजा होतो. एक फेरी जास्त झाली की यंत्र टिंग करून घंटी वाजवतं, जणू जीभ चावतं. मग एक फेरी सुलटी फिरवून चूक परत घ्यायची, वरची पट्टी एक घर सरकवायची आणि पुन्हा तेच. सहा घरं झाली की खाली उरते ती बाकी. ती चिठ्ठीवर लिहायची, खाली कार्बन ठेवून, आणि पुढचा भाजक घ्यायचा. असे दिवसाला साठ.

आकडा अकरा अंकी होता. त्याला कशाने पूर्ण भाग जातो का, की तो कुणाच्याच बापाला न जुमानणारा आहे, हे कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं. कुणाला आणि कशाला, हे विचारायची गणना-कचेरीत पद्धत नव्हती. दोन लाखांच्या आतले भाजक आधीच्या लोकांनी वापरून पाहिले होते, एकानेही भाग गेला नव्हता. तिच्या वाट्याला आले ते दोन लाखांपासून दोन लाख ऐंशी हजार सहाशे अकरापर्यंतचे, त्यातल्याही फक्त मूळ संख्या, म्हणजे स्वतः न फुटणाऱ्या, साधारण साडेसहा हजार. त्याच्या पुढे जायचं कारण नव्हतं, कारण तिथे आकड्याचं वर्गमूळ होतं. अवयव नेहमी जोडीने येतात. एक वर्गमूळाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. अलीकडचा सापडला की पलीकडचा आपोआप हातात येतो, आणि अलीकडे कुणी नसेल तर पलीकडेही कुणी नसतं.

हे तिला पाठ होतं. तिचं लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि त्यातले अकरा दिवस नवरा घरात होता. मग त्याची बदली झाली. तिकडे त्याने दोन खोल्यांची जागा घेतली, तिथल्या हवामान कचेरीत तिच्या नोकरीचंही पक्कं केलं. अट एकच, इथून कार्यमुक्तीचा कागद आणायचा. आणि तो कागद वाटा पूर्ण झाल्याशिवाय, किंवा भाग गेल्याशिवाय, मिळत नव्हता.

तिने एकटीने पूर्ण करूनही भागत नव्हतं. कचेरीचा नियम असा की प्रत्येक भागाकार दोघांनी करायचा, दोन खोल्यांत बसून, एकमेकांचं तोंड न पाहता. भिंतीच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला दुसरं कुणीतरी. जिनेसुद्धा वेगळे. दिवसातून तीनदा एक वयस्क गृहस्थ येत, तिच्या चिठ्ठ्या घेत आणि पलीकडच्या चिठ्ठ्यांशी लावून पाहत. त्यांचं खरं आडनाव कुणाला आठवत नव्हतं. सगळे त्यांना जुळवे म्हणत.

"पलीकडे कोण बसतं हो?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तुमच्यासारखीच एक," जुळवे चिठ्ठ्यांवरून नजर न उचलता म्हणाले. ते कुणाच्याच तोंडाकडे पाहत नसत.

२

घंटीचा त्रास तिला दुसऱ्या महिन्यात सुरू झाला.

भिंत पातळ होती. पलीकडच्या हँडलची घरघर ऐकू यायची, घंटीही यायची. त्यात नवल काही नव्हतं. दोघी एकच आकडा त्याच भाजकांनी, त्याच क्रमाने भागत होत्या, तेव्हा फेऱ्या तितक्याच आणि घंट्या तितक्याच. तीन फेऱ्यांनी टिंग, पाच फेऱ्यांनी टिंग. आधी पलीकडची घंटी तिच्या मागून यायची. मग हळूहळू जवळ सरकली. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की सकाळपासून तिला पलीकडची घंटी ऐकूच आलेली नाही. पलीकडची आज आली नाही वाटतं, म्हणून ती जराशी थांबली, आणि घंटी वाजली. पलीकडे.

म्हणजे सकाळभर दोन्ही घंट्या एका क्षणी वाजत होत्या आणि तिला एकच ऐकू येत होती.

होतं असं, तिने स्वतःला समजावलं. दोन बायका शेजारी शेजारी कांदा चिरायला बसल्या तरी थोड्या वेळाने सुऱ्यांचा ताल एक होतो. तिने मुद्दाम ताल मोडला. मध्येच पाणी प्यायली, पेन्सिलीला टोक काढलं, केस सोडून पुन्हा बांधले आणि मग हँडलला हात घातला. टिंग. एकच घंटी.

संध्याकाळी घरी तिने सासूबाईंना हे सांगायचा प्रयत्न केला. सासूबाई उशीचे अभ्रे शिवत होत्या, सुनेच्या नव्या घरासाठी.

"बरं मग?" त्या म्हणाल्या. "वाजू दे ना तिची घंटी. तुझं काय जातं?"

"आई, ती माझ्याबरोबर थांबते. माझ्याबरोबर सुरू होते."

"माणूस आहे ती, तिलाही तहान लागते. तू अशी त्या बाईच्या मागे लागलीयेस, जशी काही ती सवतच तुझी." आणि मग दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "तो आकडा मात्र आहे हं सवत. नवऱ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याबरोबर काढलास."

यावर ती हसली. हसण्यासारखंच होतं ते.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. "अगं, किती राहिलेत?"

"अडीच हजार. त्याला चाळीस दिवस."

"मागच्या महिन्यात तू पन्नास म्हणाली होतीस."

"अहो, मध्ये यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. मी काय मुद्दाम करते का?"

"तसं नाही गं. त्या हवामानवाल्यांनी आता महिनाअखेरची मुदत दिली. नाहीतर दुसरी मुलगी घेणार म्हणतात."

तिने कॅलेंडर पाहिलं. महिनाअखेर अकरा दिवसांवर होती. 

३

सोमवारी तिने एक उद्योग केला. करायला नको होता, पण डोकं फिरलं की माणूस काय करेल सांगता येत नाही.

एका भागाकाराची बाकी आली एक लाख बारा हजार चाळीस. तिने चिठ्ठीवर लिहिली एक लाख बारा हजार चारशे. नुसती चाराची आणि शून्याची अदलाबदल. प्रत्येक चिठ्ठीला नवाचा ताळा घ्यावा लागे, म्हणजे अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणायची आणि ती बसते का पाहायचं. पण अंकांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. अशा चुकीला नवाचा ताळा आंधळा असतो. पकडायची तर ती पलीकडच्या चिठ्ठीनेच पकडायला हवी. त्यासाठीच तर पलीकडची होती.

दुपारी दोनला जुळवे आले. चिठ्ठ्यांच्या दोन चळती शेजारी शेजारी धरून, अंगठ्याने पुढे सरकवत त्यांनी भराभर पाहिल्या. पलीकडची चिठ्ठी तिला दिसू नये अशी तळव्याची आड असे.

"जुळलं."

"सगळं?"

"वीसच्या वीस."

"तिसरी चिठ्ठी पुन्हा बघता का जरा?"

त्यांनी पाहिली. "एक बारा चारशे. एक बारा चारशे. जुळलं."

तिने आवाज सरळ ठेवला. "जुळवे, पण ती बाकी चुकीची आहे. माझी चूक झाली. खरी एक बारा चाळीस."

"मग तिचीही तीच चूक झाली असेल."

"अहो, असं कसं होईल? मी मुद्दा... माझा हात चुकला. तिचाही तिथेच, तसाच कसा चुकेल?"

जुळव्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी मोजत नाही. मी जुळवतो. मोजायला लागलो तर जुळवणार कोण?"

ते गेल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. पिवळट रंगाची, मध्ये एक खिळा, खिळ्यावर काही नाही. पलीकडे कुणी खुर्चीत हलल्याचा आवाज झाला. तीही हललीच होती त्या क्षणी. आवाज कुणाच्या खुर्चीचा, हे तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

४

पण एक विचार डोक्यात शिरला तो शिरलाच. अशी अदलाबदल आपण मुद्दाम केली तेव्हा कुणाला दिसली नाही. कधी नकळत झाली असेल तर?

अकराचा ताळा असतो, तो अशा अदलाबदलीला पकडतो. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि त्यांचा फरक पाहायचा. तिने पुठ्ठा पुढ्यात ओढला. पहिल्या दिवशी कचेरीच्या मोठ्या वहीतून तिने स्वतःच आकडा त्यावर उतरवून घेतला होता. ७८,७४,२७,६५,८४९. एक बेरीज आली एकोणचाळीस. दुसरी अठ्ठावीस. फरक अकरा.

अकरा! म्हणजे या आकड्याला अकराने पूर्ण भाग जातो. शाळेतल्या पोराला सापडेल असा भाग. आणि आधीच्या लोकांना दोन लाखांपर्यंत एकही भाजक सापडला नव्हता.

ती उठली आणि मोठ्या वहीपाशी गेली. जिन्याजवळच्या कपाटात ती साखळीने बांधलेली असे. पान उघडून तिने बोट ठेवत वाचलं. ७८,७४,२६,७५,८४९.

सव्वीस पंच्याहत्तर. तिने लिहिलं होतं सत्तावीस पासष्ट. सहा आणि सात, स्वल्पविरामाच्या अलीकडचा आणि पलीकडचा, यांनी जागा बदलल्या होत्या. अडुसष्ट दिवस, चार हजारांहून जास्त भागाकार, सगळे भलत्याच आकड्याचे.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. रडूही येईना. हँडल फिरवून उजव्या मनगटावर गाठ आली होती, ती तिने दाबून पाहिली. दुखली. निदान तेवढं तरी खरं होतं.

मग, रडायचं ठरवता ठरवताच, तिचं डोकं आपोआप काम करायला लागलं. खरा आकडा आणि खोटा आकडा यांच्यात फरक किती? बरोबर नव्वद हजार. म्हणजे खोट्या आकड्याची बाकी जिथे नव्वद हजार आली असेल, तिथे खऱ्या आकड्याची शून्य येणार. पुन्हा भागायची गरज नाही, फक्त चिठ्ठ्या चाळायच्या.

ती धावत खोलीत आली. कार्बनच्या प्रती तिने दिवसवार दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडत गेली. चौतिसाव्या दिवशीच्या गठ्ठ्यात ती चिठ्ठी सापडली. भाजक दोन लाख चोवीस हजार सातशे सदतीस, बाकी नव्वद हजार. शेवटी चार शून्यं, नीट ओळीने बसलेली. तेव्हा ती बाकी किती छान दिसते असं तिला वाटल्याचंही आठवलं.

तिने यंत्रात खरा आकडा भरला आणि हँडल फिरवलं. तीन फेऱ्या, टिंग. पाच. मग शून्याचं घर. तीन, सात, सात. खालच्या अकराच्या अकरा खिडक्यांत शून्यं. भागाकार तीन लाख पन्नास हजार तीनशे सत्त्याहत्तर. खात्रीसाठी दोघांचा गुणाकार केला. ७८,७४,२६,७५,८४९. एका अंकाचाही फरक नाही.

आकडा फुटला होता. अलीकडचा सापडला, पलीकडचा सापडला. ती एकटीच टाळी वाजवून हसली.

भिंतीपलीकडे काहीच वाजलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिथे अगदी शांत होतं.

५

"जुळत नाही," जुळवे म्हणाले.

"काय जुळत नाही?"

"तुमचं शून्य आहे. पलीकडचं नव्वद हजार."

"तेच तर सांगते! मी आकडा उतरवताना चुकले होते. तिनेही तसाच चुकीचा उतरवला असणार. तिचा पुठ्ठा बघा ना."

जुळवे गेले. एक जिना उतरून दुसरा चढून जायचं म्हणजे दहा मिनिटं. तेवढ्या वेळात तिने नवऱ्याला लिहायचं पत्र मनात लिहूनही टाकलं. जुळवे परत आले.

"पाहिला पुठ्ठा. जुळतो."

"कशाशी जुळतो? माझ्या जुन्या पुठ्ठ्याशी की वहीतल्या आकड्याशी?"

"जुळतो म्हटलं ना."

"अहो, पण कशाशी?"

"बाई, माझ्यावर आवाज चढवू नका. नियम आहे. जुळलं नाही तर दोघींनी पुन्हा करायचं."

तिने पुन्हा केलं. शून्य. पलीकडून नव्वद हजार. तिसऱ्यांदा केलं. शून्य. पलीकडून नव्वद हजार. तिने गुणाकार मांडून दाखवला, पायरीपायरीने, तारखेसकट सही करून. जुळव्यांनी तो कागद चिमटीत धरला आणि उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिलं.

"हा गुणाकार तुमचा आहे."

"गुणाकार कुणाचा नसतो हो! दोन दुणे चार काय माझे आहेत?"

"दोघींनी केला असता तर पाहिलं असतं."

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "तुमचं बरोबरही असेल. पण तुम्ही म्हणता म्हणून बरोबर, असं केलं तर मग दोन खोल्या ठेवायच्या कशाला? उद्या तिने येऊन वेगळं सांगितलं तर?"

"मग तिलाच बोलवा ना इथे. समोरासमोर."

साहेबांनी कप खाली ठेवला. "समोरासमोर कसं बोलवणार?" ते म्हणाले. वाक्य तिथेच संपत होतं बहुतेक.

खोट्या बाकीला पलीकडची तीन महिने मान डोलावत होती. खरी बाकी आली आणि मान हलेना. चुका माझ्या, त्या तिला पटतात. बरोबर आहे ते पटत नाही. लग्नाआधी ताई म्हणायची की सासरी असं होईल. सासरी झालं नाही, इथे झालं.

६

मुदतीच्या दोन दिवस आधी सासूबाईंनी निकाल लावून टाकला.

"उद्या चारची गाडी. मी तिकीट काढून आणलंय. कागद मिळो न मिळो, तू जाणार."

"आई, कागद नसला तर तिथली नोकरी जाईल."

"जाऊ दे. नवरा तर राहील ना?" मग त्यांना तिचं तोंड दिसलं आणि त्या मऊ झाल्या. "हे बघ, तुझं म्हणणं खरं आहे ना?"

"आहे."

"मग त्या बाईला जाऊन सांग की. भिंत आहे म्हणजे काय डोंगर आहे का? सरळ जा, तिच्या शेजारी बस, म्हण, बाई गं, हे असं असं आहे, एकदा नीट कर. बाईमाणसाला बाईमाणूस समजून घेतं." आणि बॅगेचं कुलूप लावून पाहत म्हणाल्या, "मी साडेतीनला बॅग घेऊन फाटकाशी येते. तू खाली उतर. वर थांबू नकोस, मला पायऱ्या चढवत नाहीत."

सकाळी निघताना तिला वाटलं, आईंना जाताना काहीतरी द्यायला हवं. त्यांच्या चष्म्याला डबी नाही, रुमालात गुंडाळून ठेवतात. दुपारी घेऊ, असं तिने मनातल्या मनात ठरवलं.

७

दीडला जुळवे जेवायला गेले. ती आपला जिना उतरली, अंगण ओलांडलं आणि दुसरा जिना चढली. या जिन्याचा कठडा जास्त गुळगुळीत होता. वर एकच दार होतं. तिने टकटक केलं, थांबली, आणि ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. मेज, खुर्ची, यंत्र. खिडकी, फाटकाच्या बाजूची. खुर्चीची बैठक अजून कोमट होती. जेवायला गेली असणार, तीही माणूसच आहे. तिने मेजावरचा पुठ्ठा पाहिला.

७८,७४,२६,७५,८४९. वहीत होता तसाच, अगदी बरोबर.

म्हणजे पलीकडची चुकत नव्हती. तिच्यासमोर खरा आकडा होता आणि ती नव्वद हजार लिहीत होती. ती अडवत होती.

शेजारी चिठ्ठ्यांची चळत होती. वरच्या चिठ्ठीवरचा भाजक तीन लाखांच्या पुढचा. वर्गमूळ कधीच मागे पडलं होतं. तिथे शोधण्यासारखं काही नसतं, हे पोरालाही कळेल, तरी चळत खांद्याएवढी उंच होती. तिने एक चिठ्ठी उलटली. मागे बारीक अक्षरात यादी होती. चहाची गाळणी, पडद्याच्या कड्या, सुई-दोरा, पांढरी बटणं. नव्या घरी न्यायच्या वस्तूंची यादी. अशी यादी तिने कंटाळून आपल्या एका चिठ्ठीमागे केली होती. इथे प्रत्येक वस्तूसमोर बरोबरची खूण होती. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती, शाई अजून चमकत होती. आईंसाठी चष्म्याची डबी.

तिने चिठ्ठी होती तशी ठेवली. डोक्यात भीतीपेक्षा संतापच जास्त होता. तीन महिने! बस्स झालं. पलीकडची शून्य लिहीत नसेल तर तिच्या खुर्चीत बसून आपण लिहू. खोटं तर नाही. खरं तेच लिहायचंय.

ती खुर्चीत बसली. खुर्ची तिच्याच मापाची होती, उंचीसुद्धा. तिने आकडा भरला, भाजक भरला, हँडल धरलं. तीन फेऱ्या, टिंग.

भिंतीपलीकडे, तिच्या स्वतःच्या खोलीत, टिंग.

तिने हात आखडला नाही. आता थांबले तर पुन्हा बसणं होणार नाही, हे तिला कळत होतं. पाच फेऱ्या. पलीकडे पाच. पट्टी सरकली, पलीकडे सरकली. तीन. सात. शेवटच्या सात फेऱ्या पलीकडच्या हँडलने जराशा आधी संपवल्या, घाईत असल्यासारख्या. अकरा खिडक्यांत शून्यं. तिने चिठ्ठीवर शून्य लिहिलं.

दोन वाजले. भिंतीपलीकडे तिच्या दाराची कडी वाजली. जुळवे आज आधी तिच्याच खोलीत गेले.

"झालं माझं," पलीकडे एक बाई म्हणाली. आवाज ओळखीचा, फक्त त्यात थकवा नव्हता. रविवारी फोनवर असा आवाज काढायला तिने किती खटपट केली होती.

जुळवे काहीतरी पुटपुटले. कागद फाडल्याचा आवाज आला, शिक्का मारल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. अंगण, दुसरा जिना. जुळवे आत आले, चिठ्ठीसाठी हात पुढे केला, तोंडाकडे न पाहता.

"शून्य. शून्य. जुळलं."

"हो, जुळलं," ती म्हणाली. "जुळवे, मग माझा कागद?"

"कसला कागद?"

"कार्यमुक्तीचा. आकडा सुटला ना?"

"तो शिक्का मारून पलीकडच्या बाईंकडे ठेवून आलो की. आता जुळलं, सुटल्या त्या." त्यांनी मेजावरचा चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. "अलीकडचा वाटा संपला. तुमचा कुठे संपलाय? तुमचा पुढचा आहे."

"जुळवे, माझ्याकडे बघा. मी त्या खोलीतली. तुम्ही रोज... एकदा बघा तरी."

जुळव्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, नीट, प्रामाणिकपणे, बराच वेळ. मग पुन्हा खाली पाहिलं, कारण तिचा चेहरा लावून पाहायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

ती खिडकीशी धावली. तावदान रंगाने चिकटलेलं होतं, उघडेना. खाली सासूबाई फाटकाशी बॅग घेऊन उभ्या होत्या, साडेतीन वाजायच्या कितीतरी आधी आलेल्या. अंगणातून एक बाई लगबगीने त्यांच्याकडे चालली होती, हातात घडी घातलेला कागद. पाठमोरी. सासूबाईंनी कागद पाहिला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. बाईने पिशवीतून एक लहानशी डबी काढून त्यांच्या हातात दिली.

तिने काचेवर मूठ आपटली. हाक मारायला तोंड उघडलं, पण त्या बाईला कोणत्या नावाने हाक मारायची, हे तिला ठरवता येईना.

"आई!" ती ओरडली. "आई, मी इथे आहे!"

आवाज गेला की नुसता ठोका गेला, कोण जाणे. सासूबाईंनी वर पाहिलं. कपाळाला हात लावून, डोळे बारीक करून त्यांनी खिडकी शोधली आणि ती त्यांना दिसली. नक्की दिसली. त्या हसल्या आणि हात हलवला, सुनेच्या कचेरीतल्या एखाद्या बाईला निरोप देताना हलवावा तसा, मनापासून, जरा संकोचून. मग वाकून शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं.

त्या बाईने मागे न बघताच मान हलवली, आणि बॅग उचलली.